आय-७० चा घाट, साडेअकरा हजार पौंडांचा ट्रेलर आणि आमचे दोन ट्रक: गॅस की डिझेल

आधी एक खुलासा. अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल, सीएनजी नाही, आणि मी पण पुढे सगळीकडे गॅसच म्हणणार आहे कारण इतकी वर्षं इथे राहून तोंडात तेच बसलंय.

मी आणि माझा मेहुणा डेन्व्हरमध्ये लँडस्केपिंगचा धंदा करतो. दगडी भिंती, पेव्हर, ड्रेनेज, असली कामं. आमचं निम्मं काम वर डोंगरात असतं, सिल्व्हरथॉर्न, ब्रेकनरिज त्या बाजूला, आणि तिथे जायचं म्हणजे स्किड स्टीअर (छोटा लोडर) ट्रेलरवर चढवून आय-७० महामार्गाचा घाट चढायचा. लोडर, त्याचं बकेट, फोर्क आणि ट्रेलर धरून काट्यावर भरतात साडेअकरा हजार पौंड, म्हणजे सव्वापाच टन. आमच्याकडे दोन ट्रक आहेत, दोन्ही फोर्ड एफ-२५०, दोन्ही क्रू कॅब, फोर बाय फोर, दोन्ही २०२० च्या मॉडेलचे. एकात ७.३ लिटरचं गॅस इंजिन आहे ज्याला सगळे गॉडझिला म्हणतात, दुसऱ्यात ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल. गियरबॉक्स दोन्हीत १० स्पीडचा ऑटोमॅटिक. त्यामुळे तुलना करायला याहून बरी जोडी मिळणं कठीण, फरक काय तो इंजिनाचा (आणि गॅसवाल्याला ४.३० चा अ‍ॅक्सल आहे, डिझेलला ३.५५, हा चाकाकडच्या गियरचा आकडा, जितका मोठा तितका ओढायला जोर जास्त, ते ध्यानात ठेवा).

ओळखीतले बरेच जण विचारतात की कॅम्पर (ट्रकमागे ओढायचं फिरतं घर) ओढायला कुठला घेऊ, डिझेलला दहा हजार डॉलर जास्त देऊ का, आणि मी दरवेळी फोनवर अर्धा तास बोलतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

कागदावरचे आकडे आधी. गॅस: ४३० हॉर्सपॉवर, ५,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि टॉर्क (फिरवायचा जोर) ४७५ पाउंड-फूट, ४,००० ला. डिझेल: ४७५ हॉर्सपॉवर, २,६०० ला, आणि टॉर्क १,०५० पाउंड-फूट, तो पण फक्त १,६०० आरपीएमला. हे वाचून माणूस म्हणतो की संपला विषय, टॉर्क दुपटीहून जास्त आहे, मग गॅस कशाला बघायचं. मी पण असंच म्हणायचो. पण टॉर्कच्या आकड्यावर जाऊन निर्णय घेतलात तर चुकाल, कसं ते पुढे सांगतो.

मागच्या सप्टेंबरमध्ये सिल्व्हरथॉर्नचं एक काम संपलं, दोन्ही ट्रक वरच होते, ट्रेलर एकच, आणि मंगळवार असल्यामुळे रस्त्याला गर्दी नव्हती. मेहुणा म्हणाला, "दाजी, आज बघूनच टाकू." सिल्व्हरथॉर्नहून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत आठ मैल आहेत, खाली साधारण नऊ हजार फूट उंची आणि बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी ११,१५८ फूट, बऱ्याच ठिकाणी चढ ७ टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की सात फूट वर. ट्रक कंपन्या आणि गाड्यांची परीक्षणं करणारे लोक टोइंग बघायला याच पट्ट्यावर येतात ते उगाच नाही. आम्ही ठरवलं की आधी गॅसला ट्रेलर लावून वर जायचं, बोगदा ओलांडून २१६ नंबरच्या एक्झिटला वळायचं, परत खाली यायचं, ट्रेलर डिझेलला लावायचा आणि तेच परत करायचं. चढ पण बघून होतो आणि उतार पण.

गॅसवाला मी चालवत होतो, मेहुणा शेजारी. टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना लावायचा) चालू केला, रॅम्पवरून साठपर्यंत नेला आणि चढ सुरू झाला तसं एकेक गियर खाली पडायला लागलं. इंजिन पहिल्यांदा ३,८०० ला गेलं, मग ४,५००, आणि खरा सात टक्के आला तेव्हा काटा पाच हजारच्या आसपास जाऊन जो बसला तो बोगदा येईपर्यंत तिथून हलला नाही. पाय पूर्ण खाली. वेग ५० मैल, कुठे ५१, एका वळणापुढे ४८. आवाज म्हणाल तर केबिनमध्ये एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यात रेडिएटरचा पंखा लागला की अजून एक घोंघाट वर. मेहुणा आधी दोनदा म्हणाला की अहो सोडा जरा पाय, फुटेल. नाही फुटत. हे इंजिन पाच हजारला तासभर चालायलाच बनवलंय, कास्ट आयर्नचा ब्लॉक आहे, पुशरॉडचं साधं बांधकाम आहे, पाण्याचा काटा पूर्ण चढभर मधल्या खुणेच्या किंचित वर होता आणि गियरबॉक्सचं तापमान पण ठीक. नवीन माणूस इथेच घाबरतो, आवाज ऐकून पाय काढतो, मग गाडी वरच्या गियरला जाते, वेग पडतो, परत गियर खाली येतो, आणि अशी ओढाताण चढभर चालू राहते. त्यापेक्षा उजव्या लेनला राहायचं आणि तिला ओरडू द्यायचं.

डिझेलची पाळी आली तेव्हा गाडी मेहुण्याने घेतली. तोच चढ, तोच ट्रेलर. साठला गेला आणि साठलाच राहिला. आरपीएम २,२०० ते २,४००. पाय निम्म्याहून थोडा खाली. टर्बोची बारीक शिट्टी आणि एक जाड गुरगुर, बाकी काही नाही, आम्ही पुढच्या आठवड्याच्या कामाबद्दल बोलत बोलत वर पोचलो. एका ठिकाणी पुढे एक भरलेला सेमी (मोठा मालट्रक) ३० ने रांगत होता, त्याच्यामागे वेग पडला, मग डावी लेन मोकळी झाल्यावर सात टक्क्यांच्या चढावर ४० वरून ६० ला नेला आणि गाडीला काही विशेष वाटलंच नाही. गॅसच्या ट्रकला त्या जागी वेग पडला असता तर परत पन्नासला यायला पुष्कळ अंतर खाल्लं असतं.

आता हे असं का होतं. इथे टॉर्कपेक्षा हवा महत्त्वाची आहे. बिनटर्बोचं गॅस इंजिन बाहेरची हवा आहे तशी ओढतं, आणि उंचीवर हवा विरळ होते, दर हजार फुटाला ताकद साधारण ३ टक्क्यांनी कमी होते असा ठोकताळा आहे. दहा हजार फुटांवर ३० टक्के गेली. म्हणजे कागदावरचे ४३० तिथे ३०० च उरतात. डिझेलला टर्बो आहे, तो विरळ हवा दाबून दाबून आत भरतो, त्यामुळे त्याचं नुकसान फार थोडं.

आणि चढायला किती लागतात? सोपा हिशेब आहे, कुणीही करू शकतो. ट्रक, ट्रेलर, माणसं मिळून आमचं वजन साडेअठरा हजार पौंड. ७ टक्के चढावर मागे ओढणारं बल त्याच्या ०.०७ पट, म्हणजे जवळपास १,३०० पौंड. त्याला वेगाने, म्हणजे ५० ने गुणा आणि ३७५ ने भागा (मैल आणि पौंडांवरून हॉर्सपॉवर काढायचा ठरलेला आकडा), १७३ हॉर्सपॉवर आली. ही फक्त वजन वर उचलायची. त्यात वाऱ्याचा रोध, टायरची घासण, गियरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये जाणारी ताकद, तो मोठा पंखा, हे सगळं धरा, जवळजवळ तीनशेला पोचता. आणि आमच्याकडे होते तीनशेच. म्हणून ५० वर बसला. ५५ ला नेणं त्याच्या हातातच नव्हतं, तुम्ही कितीही पाय दाबा.

म्हणजे चढावर वेग ठरवते ती हॉर्सपॉवर, आणि ती पण त्या उंचीवर खरोखर उरलेली. टॉर्कचा मोठा आकडा एवढंच सांगतो की ती ताकद कमी आरपीएमला, शांतपणे मिळेल. कारण गियर आहेत ना मध्ये, गॅस इंजिन दुप्पट फिरतं आणि गियर तो टॉर्क दुप्पट करून चाकाला देतो. याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे शेव्हीच्या हाफ-टन (म्हणजे आमच्याहून हलक्या वर्गातल्या) ट्रकमधलं ३ लिटरचं ड्युरामॅक्स डिझेल, २०२३ पासून त्याला ३०५ हॉर्सपॉवर आणि ४९५ पाउंड-फूट टॉर्क आहे. टॉर्क आमच्या ७.३ गॅसपेक्षा जास्त. पण समुद्रसपाटीच्या जवळपासच्या चढावर तेवढंच वजन लावून दोघांना सोडलं तर गॉडझिला पुढे जाईल, कारण तिथे त्याच्याकडे पूर्ण ४३० आहेत. दहा हजार फुटांवर मात्र दोघं जवळपास सारखे होतात. इंजिनं तीच, टॉर्क तोच, फक्त हवा बदलली की निकाल बदलला. आणि उलटं पण आहे, फोर्डच्या एफ-१५० मधलं ३.५ इकोबूस्ट हे गॅसच आहे पण त्याला दोन टर्बो आहेत, त्यामुळे घाटात ते उंचीची फार पर्वा करत नाही. मग ते का घेतलं नाही आम्ही? कारण हाफ-टनच्या स्प्रिंगा, ब्रेक, वजन हे साडेअकरा हजार पौंडांचा ट्रेलर रोज ओढायला कमी पडतं, ओढेल पण ट्रेलर ट्रकला हलवायला लागतो. कॅम्पर सहा-सात हजारचा असेल तर मात्र ते जरूर बघा.

म्हणून तुमचा चढ कुठे आहे हे आधी बघा. टेनेसी, व्हर्जिनिया, अ‍ॅपलाचियन डोंगरांत रस्ते चढाचे आहेत पण उंची दोन-चार हजार फूट, तिथे गॅसचं १० टक्के नुकसान म्हणजे काहीच नाही. कोलोरॅडोत आम्ही सुरुवातच ५,२८० फुटांवर करतो, म्हणजे डेन्व्हरच्या अंगणातच १५ टक्के गेलेली असते.

कोलोरॅडोच्या गॅसवाल्यांसाठी अजून एक, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. इथे पंपावर सगळ्यात स्वस्त जे रेग्युलर मिळतं ते ८५ ऑक्टेन असतं. ट्रकच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलंय. ८५ ची पद्धत जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली. आताचं कॉम्प्युटरवालं इंजिन नॉक (हलक्या इंधनाने आत होणारी खडखड) ऐकलं की ठिणगीचं टायमिंग मागे घेतं, म्हणजे आधीच कमी झालेली ताकद अजून कमी. आम्ही पहिला महिनाभर ८५ च भरत होतो आणि म्हणत होतो की गाडी ओढत नाही. मग मधलं बटण दाबायला लागलो. खूप फरक पडला असं नाही म्हणणार पण चढावर गाडी एक गियर जादा खाली जायची ते बंद झालं.

आता उतार. सगळे चढाबद्दल विचारतात, कोणीही उताराबद्दल विचारत नाही, आणि मला विचाराल तर डिझेलचे दहा हजार डॉलर खरे वसूल होतात ते इथे. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की तोच सात टक्के खाली जातो, बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे रनअवे रॅम्प केलेले आहेत, आणि ते वापरले जातात.

वरचाच हिशेब उलटा करा. ५० मैलांनी उतरताना ते १,३०० पौंड आता पुढे ढकलतायत, म्हणजे १७३ हॉर्सपॉवर तुम्हाला कुठेतरी जिरवायची आहे. वारा आणि टायर मिळून साठेक खातात. उरलेली शंभराच्या वरची एकतर इंजिन खाईल नाहीतर ब्रेक. आठ मैल ब्रेकने खाल्ली तर ब्रेक लालभडक होतात, मग वास येतो, मग पेडल मऊ लागतं, आणि मग देवाचं नाव घ्यायचं.

गॅस इंजिन पाय सोडल्यावर थ्रॉटल बंद करतं, आत पोकळी तयार होते आणि ते थोडं अडवतं. डिझेलला तशी थ्रॉटलची अडवणूक नसते, म्हणून जुनी डिझेलं उतारावर मोकाट सुटायची. पण आताच्या ट्रकांत एक्झॉस्ट ब्रेक आहे, टर्बोच्या आतल्या पात्या मिटतात, धूर बाहेर जायची वाट अरुंद होते, आणि इंजिन स्वतःच दाबाविरुद्ध पंप मारत बसतं. फार हुशार गोष्ट आहे.

त्या दिवशी गॅसने उतरताना मी बोगद्याच्या आतच (तिथे ५० ची मर्यादा आहे) गियर हाताने तिसऱ्यावर आणून ठेवला. वेग ४० ठेवला, इंजिन चार हजारच्या आसपास अडवत होतं, चांगलंच अडवत होतं, तरी दर मैलाला एकदा वेग ४५ ला सरकायचा आणि मला ब्रेक एकदा घट्ट दाबून ३८ ला आणून सोडावा लागायचा. हलका पाय ठेवून बसायचं नाही, घट्ट दाबायचं आणि पूर्ण सोडायचं, ब्रेकला श्वास घ्यायला वेळ मिळतो. खाली पोचेपर्यंत सात वेळा दाबला. सिल्व्हरथॉर्नच्या पंपावर उतरून पुढच्या चाकाजवळ तळहात नेला तर शेकोटीजवळ नेल्यासारखा झोत लागला. ट्रेलरच्या चाकांचं पण तेच. धोका नव्हता, पण तुम्ही पूर्ण वेळ काम करत असता, लक्ष जरा हलवायची सोय नाही.

डिझेलने मेहुण्याने एक्झॉस्ट ब्रेक ऑटोवर टाकला, ५० ला एकदा ब्रेक टेकवून गाडीला सांगितलं की एवढाच वेग ठेव, आणि तिने ठेवला. ती स्वतः गियर खाली घेत होती, मागून हवा कोंडल्यासारखा घर्रर्र आवाज येत होता, काटा ४८ ते ५२. आठ मैलांत ब्रेक दोनदा, त्यातला एक एका कारने मध्ये घुसून दिलेल्या दणक्यामुळे. खाली उतरून हात लावला तर चाक कोमट. मी पूर्ण चढात डिझेलला मार्क दिले नव्हते एवढे त्या कोमट चाकाला दिले.

एवढं सगळं ऐकून डिझेलच घ्यायचं ठरवलंत तर थांबा, पेलोड बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती वजन गाडीवर चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. एफ-२५० च्या वर्गात गाडीचं एकूण वजन साधारण १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं आणि डिझेल इंजिन शेकडो पौंडांनी जड, मग ते वजन जातं कुठून? तुमच्या पेलोडमधून. आमच्या गॅसच्या दारावर ३,१५० लिहिलंय आणि डिझेलच्या दारावर २,३५०. आठशेचा फरक.

आता हे बघा. आमच्या ओळखीतल्या एका दादांनी मोठा फिफ्थ व्हील कॅम्पर (ज्याचं पुढचं टोक ट्रकच्या बेडमध्ये बसतं) घेतला, चौदा हजार पौंडांचा. फिफ्थ व्हीलचं सुमारे २० टक्के वजन थेट ट्रकच्या बेडवर येतं, म्हणजे २,८००. त्यांनी जाहिरातीतला टोइंगचा आकडा बघून तीन-चतुर्थांश टनाचं, म्हणजे एफ-२५० च्या वर्गाचं, डिझेल घेतलं होतं. ओढायला ते सहज ओढत होतं, पण हिच (ट्रेलर जोडायचा सांधा), कॅम्पर, ते, वहिनी, दोन मुलं, सायकली धरल्या तर दारावरच्या आकड्याच्या कितीतरी वर. मागची चाकं बसलेली, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर. त्यांना शेवटी वन-टनचा, म्हणजे त्याहून वरच्या वर्गाचा, ट्रक घ्यावा लागला, वर्षाच्या आत, तोटा खाऊन. डीलरकडे कोणी हे सांगत नाही. म्हणून शोरूममध्ये गेलात की बॉनेट नंतर उघडा, आधी दार उघडा आणि स्टिकरचा फोटो काढा. मागे ओढायच्या बंपर-पुल ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर येतं, ते पण यातूनच वजा होतं.

पैशांचं. आमच्या वहीतले आकडे: हाच ट्रेलर लावून गॅसला गॅलनमागे ७ मैल, डिझेलला १०. समजा गॅस ३.२० डॉलर आणि डिझेल ३.८० ला मिळतंय, तर शंभर मैल ओढायला गॅसला सुमारे ४६ डॉलर आणि डिझेलला ३८. आठ डॉलर वाचले. दहा हजार डॉलर वसूल करायला सव्वा लाख मैल ओढावं लागेल, नुसतं चालवून नाही हां, ट्रेलर लावून. त्यात डिझेलला तेल १३ क्वार्ट लागतं आणि गॅसला ८, डिझेलला दोन फ्युएल फिल्टर, शिवाय डीईएफ (धूर स्वच्छ करायचं द्रावण) भरायचं. विकताना डिझेलची किंमत चांगली येते हे खरं, पण इंधन वाचेल म्हणून डिझेल घेतो असं कोणी म्हणालं तर त्याने आधी आपले मैल मोजावेत.

आणि देखभाल. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी, ते धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडला मारायला वापरतात, उणे ११ सेल्सियसला गोठतं. त्यासाठी टाकीत हीटर असतो. या डिझेलच्या आधी आमच्याकडे एक जुनं डिझेल होतं (कंपनीचं नाव घेत नाही), जानेवारीत त्याचा तो हीटर गेला. सकाळी सहाला मजूर गाडीत बसलेले, आणि समोर डॅशबोर्डवर मेसेज की इतक्या मैलांनंतर वेग कमी करण्यात येईल. इंजिन ठणठणीत, ओढायला तयार, आणि एका हीटरपायी गाडी रांगणार. पार्ट यायला नऊ दिवस लागले, भाड्याचा ट्रक घ्यावा लागला, एका गिऱ्हाइकाचं काम हातचं गेलं. त्या नऊ दिवसांत मी ठरवलं होतं की आता आयुष्यात डिझेल नको. मग उन्हाळ्यात परत घाट चढायला लागलो आणि मत बदललं, पण ती सकाळ विसरलो नाही.

काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर पण आहे, तो स्वतःला तापवून काजळी जाळतो. त्याला लांब पल्ला आणि भार आवडतो. तुम्ही डिझेल घेऊन मुलांना शाळेत सोडणार, भाजी आणणार आणि वर्षातून तीनदा कॅम्पर ओढणार असाल तर तो फिल्टर भरत जातो, जळायला वेळच मिळत नाही, आणि बिल मोठं येतं. हाय प्रेशर पंप बिघडला तर धातूचा चुरा सगळ्या इंधनाच्या लायनीत जातो आणि मग पंप, इंजेक्टर, रेल सगळंच बदलायला लागतं, तो खर्च ऐकून माणूस खाली बसतो. गॅस इंजिनात यातलं काही नाही. आमचा मेकॅनिक गॉडझिलाचं बॉनेट उघडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, हात घालायला जागा आहे.

बाकीच्या कंपन्यांबद्दल थोडक्यात, कारण आम्ही त्या रोज चालवत नाही. जीएमचं ६.६ गॅस ४०१ हॉर्सपॉवर आणि ४६४ टॉर्कचं आहे, २०२४ पासून त्याला पण १० स्पीडचा अ‍ॅलिसन गियरबॉक्स मिळाला, आधी सहाच गियर होते आणि घाटात दोन गियरमधलं अंतर जाणवायचं, म्हणून सेकंडहँड बघत असाल तर वर्ष बघा. त्यांचं ड्युरामॅक्स ६.६ डिझेल २०२४ पासून ४७० आणि ९७५. रॅमचं ६.४ हेमी गॅस २०२४ पर्यंत ४१० हॉर्सपॉवर, पण टॉर्क ४२९, म्हणजे ते अजून जास्त ओरडणार. रॅमच्या कमिन्स डिझेलबद्दल एवढंच की २०२४ पर्यंत त्याचे आकडे दोन असायचे, साधं ३७० हॉर्सपॉवरचं आणि हाय आउटपुट ४२० चं, जाहिरात मोठ्याची असायची आणि डीलरकडे उभं असायचं छोटं, सेकंडहँड घेताना विचारून घ्या.

आणि ते टोइंग रेटिंग, म्हणजे ट्रक किती ओढेल तो कंपनीचा आकडा. आता कंपन्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे२८०७ या नियमाने मोजतात, त्यात अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ धरलेला आहे, ११ मैलांच्या वर, कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, आणि मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. चाचणी चांगली आहे, गाडी तापते का ते त्यात नक्की कळतं. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. आमचा बोगदा अकरा हजारवर. त्यामुळे बिनटर्बोच्या गॅस ट्रकचं रेटिंग वाचून कोलोरॅडोत यायचं असेल तर मी त्यातले वीस-पंचवीस टक्के मनातल्या मनात काढूनच टाकतो.

तर कोणी काय घ्यावं. ट्रेलर दहा हजारच्या वर, महिन्यातून दोन-चारदा, आठ हजार फुटांच्या वर जाणारा रस्ता: डिझेल, आणि पेलोडला कमी पडत असेल तर वन-टनचं डिझेल. ट्रेलर त्याहून हलका, किंवा डोंगर ठेंगणे, किंवा ओढणं वर्षातून दहा-बारा वेळा: गॅस, आणि तो ४.३० चा अ‍ॅक्सल सोडू नका, मोकळ्या रस्त्यावर थोडं जास्त पितो पण चढावर तोच वाचवतो. उरलेल्या दहा हजारांतून चांगला ब्रेक कंट्रोलर, ट्रेलरला चांगले टायर, वजन वाटून घेणारा हिच घ्या. आणि डावी लेन दुसऱ्यांसाठी सोडा, बोगद्याला दोनेक मिनिटं उशिरा पोचाल.

आमचं आता ठरलंय की डिझेल डोंगराला आणि गॅस डेन्व्हरच्या पूर्वेला, अरोरा, पार्कर, सपाटीवरची कामं, जिथे दिवसभर थांबा-निघा आणि इंजिन बंद-चालू असतं. पुढच्या वर्षी तिसरा ट्रक घ्यायचाय. मेहुणा डिझेल म्हणतोय, मी गॅस म्हणतोय, कारण तो ट्रक फक्त खडी आणि माती आणायला लागणार आहे. दारावरच्या स्टिकरचे फोटो मागवलेत तीन डीलरांकडून, दोघांनी पाठवले, तिसरा अजून टोइंगचाच आकडा सांगतोय.